तिसऱ्या खेपेस लागलेले गाणे

मी कीबोर्ड शिकवते. शिकायला येणाऱ्यांपैकी अनेक जण पहिल्या महिन्यातच ‘टेक ऑन मी’ची सुरुवातीची धून शिकवा असा आग्रह धरतात, आणि ती वाजवून दाखवली की मुलांना सोडायला आलेले पालक हमखास विचारतात : हे गाणे त्या पेन्सिलीच्या चित्रांच्या व्हिडिओमुळेच गाजले ना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. ‘आ-हा’ या नॉर्वेजियन त्रयीचे हे गाणे व्हिडिओ येण्याआधी दोनदा बाजारात आले आणि ब्रिटनमध्ये दोन्ही वेळा पडले, ही गोष्ट मी तरी नाकारू शकत नाही. मात्र पडले ते कोणते गाणे होते, हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

त्या धुनेचे मूळ मॅग्ने फुरुहोल्मेन यांच्या शाळकरी वयातले आहे. ते आणि पॉल वाक्टार तेव्हा ‘ब्रिजेस’ नावाच्या बँडमध्ये एकत्र वाजवत असत, आणि ही चाल च्युइंग गमच्या जाहिरातीसारखी गोड वाटते म्हणून त्यांनी तिला ‘जूसी फ्रूट साँग’ असे नाव ठेवले होते. आपल्या गंभीर संगीतात ती शोभत नाही, असेच त्यांचे मत होते. पुढे गायक मॉर्टन हार्केट त्यांना येऊन मिळाले, त्यांनी ही धून ऐकली, आणि ती सोडून देता कामा नये हे त्यांनी ओळखले. तिघे लंडनला आले आणि त्यांनी जॉन रॅटक्लिफ यांचा स्टुडिओ निवडला. निवडीचे कारण असे सांगितले जाते की तिथे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळाचे यंत्र होते. तिथे ‘लेसन वन’ या नावाने ही चाल पुन्हा घडवली गेली आणि अखेरीस ‘टेक ऑन मी’ झाली.

१९८४ मध्ये टोनी मॅन्सफील्ड यांच्या निर्मितीखाली तिची पहिली तबकडी निघाली. नॉर्वेत ती चालली, ब्रिटनमध्ये मात्र तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. ते ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकले आहे. धून तीच, शब्द तेच, पण तालयंत्राचा ठोका पातळ आहे आणि जी धून समोर यायला हवी ती मागे राहते. त्यानंतर निर्माते ॲलन टार्नी यांनी गाणे नव्याने बांधले. लिनड्रम या तालयंत्राचा भरीव ठोका, रोलँड जूनो-६० आणि यामाहा डीएक्स-७ यांसारख्या सिंथेसायझरांचे स्वर, आणि त्या सगळ्यांच्या वर हार्केट यांचा मोकळा आवाज. आज जगाला माहीत असलेले गाणे ते हेच, आणि तेही ब्रिटनमध्ये आधी पडलेच.

मग व्हिडिओ आला. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी तो लंडनमधल्या एका कॅफेत आणि स्टुडिओत चित्रित केला, आणि मायकेल पॅटरसन व कँडेस रेकिंजर यांनी सुमारे ३,००० चौकटी पेन्सिलीने हाताने काढल्या. या पद्धतीत आधी माणसांवर चित्रीकरण करतात आणि मग एकेक चौकट गिरवून तिचे रेखाटन करतात. या कामाला १६ आठवडे लागले. १९ ऑक्टोबर १९८५ रोजी गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्या व्हिडिओला सहा पुरस्कार मिळाले. ब्रिटनमध्ये तिसऱ्या खेपेला ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. वर जेनिफर रश यांचे ‘द पॉवर ऑफ लव्ह’ ठाण मांडून बसले होते. तेव्हा दार व्हिडिओने उघडले, हे मला मान्य आहे.

पण आता माझ्याबरोबर कीबोर्डवर बसा. पांढरी सहा (पाश्चात्त्य ‘ए’) हा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरा. ही धून बरोबर सोळा मात्रांची आहे, म्हणजे आपल्या त्रितालाचे एक आवर्तन. पहिले चार स्वर ध, ध, म, रे असे सरळ येतात, आणि लगेच पुढचे रिषभ-पंचमाचे आघात मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधे पडू लागतात. लय मिनिटाला जवळजवळ १७० मात्रांची असल्यामुळे मुलांची बोटे नेमकी इथेच अडखळतात. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, षड्ज नाही, धैवत आहे. षड्ज ठामपणे येतो तो नवव्या मात्रेवर, सलग तीनदा, म्हणजे त्रितालात जिथे आपण टाळी न वाजवता ‘खाली’ दाखवतो तिथे. आणि आवर्तन पंचमावर संपून पुन्हा धैवतावर जाते. कानाला घरी पोहोचल्याचे समाधान समेवर कधीच मिळत नाही, म्हणून तो पुढच्या आवर्तनाची वाट पाहत राहतो. माझ्या मते या धुनेची सगळी ओढ या रचनेत आहे, आणि ती पडद्यावर काहीही नसताना जाणवते.

ध्रुवपदाचे तर मला आजही नवल वाटते. त्याचा पहिला शब्द मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, षड्जावर आहे, दुसरा थेट त्याच सप्तकाच्या शुद्ध निषादावर, आणि तिसरा मध्य षड्जावर. तिथून गळा पायरी-पायरीने चढत तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, पंचमावर जातो. म्हणजे एका ध्रुवपदात अडीच सप्तके! हार्मोनिअमवर हे दाखवले की गाणे शिकलेली मुलेसुद्धा क्षणभर गप्प होतात, कारण आपल्याला खर्जात बरे वाटत असेल तर तारात गळा आवळतो आणि तारात मोकळे वाटत असेल तर खर्जात आवाज उरत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते.

पुढे २००० साली ‘ए-वन’ या बँडने हेच गाणे गाऊन ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर नेले, जे मूळ गाण्याला तिथे साधले नव्हते. २०१७ मध्ये ‘आ-हा’ने नॉर्वेतल्या गिस्के बेटावर, सिंथेसायझरांचा तो गजर बाजूला ठेवून, हे गाणे अगदी संथ लयीत सादर केले. नाचायला लावणारे ते गाणे तिथे विरहगीत होते. शब्दांत पहिल्यापासून असलेली आर्जवे वेगामुळे इतकी वर्षे आपल्या कानांवरून निसटत होती. मूळ व्हिडिओने २०२० मध्ये यूट्यूबवर १०० कोटी प्रेक्षणांचा टप्पा ओलांडला, हेही तुम्हाला सांगायलाच हवे, कारण ते तुमच्या बाजूचे आहे.

पुढच्या वेळी मुलाला घेऊन याल तेव्हा थोडा वेळ काढून या. आधी आपण १९८४ चे ध्वनिमुद्रण ऐकू, मग १९८५ चे, आणि शेवटी गिस्के बेटावरचे. तिन्ही वेळा पडदा बंद ठेवून.