क्ष म्हणजे दहा धर

परवा रात्री जेवणं आटोपली आणि भाचीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पानावर क्ष² + क्ष³ = क्ष⁵ आणि त्यावर लाल फुली. खाली तिचा प्रश्न, "मावशी, यात काय चुकलं? घातांकांची बेरीजच करायची असते ना?"

मी फोनच लावला. पोर नववीत आहे, नियम तिला तोंडपाठ. माझंही तसंच होतं. नियम घडाघडा म्हणता यायचे, कुठला कधी लावायचा ते मात्र कळायचं नाही, आणि विचारायला घरात कुणी नव्हतं. म्हणून तिचा फोन आला की मी हातातलं काम ठेवते.

तिला म्हटलं, नियम बाजूला ठेव आणि सगळं उलगडून लिही. क्ष² गुणिले क्ष³ म्हणजे आधी दोन क्ष, मग तीन क्ष, सगळे एकमेकांना गुणलेले. मोजले तर पाच, म्हणून क्ष⁵. इथे मात्र मध्ये अधिक आहे, म्हणजे दोन वेगळे गट. एक वर्गाचा, एक घनाचा. ते आहेत तसेच राहतात. भास्कराचार्यांनी ११५० साली आपल्या बीजगणितात अज्ञात संख्यांना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली होती. एका जातीची पदं मिळवायची, वेगळ्या जातीची शेजारी शेजारी ठेवायची. आपली 'सजातीय पदे' तीच. हे तिला फार आवडलं.

मग म्हटलं, शंका आली की क्षच्या जागी एखादी संख्या घालून बघ. तिनं २ घेतले. ४ अधिक ८ बारा, आणि क्ष⁵ बत्तीस. फुली पटली. पण पुढच्याच गणितात तिनं क्ष + क्ष = क्ष² लिहिलं, २ घालून पाहिले आणि आनंदानं ओरडली, "आलं बरोबर!" मी क्षणभर गप्पच झाले. दोन अधिक दोन चार, दोन दुणे चार. ताळा करायला दोन हा अंक मीच चालू दिला होता. एकही तसाच फसवा, कारण त्याचा कुठलाही घात एकच येतो. तीन घेतले तेव्हा सहा आणि नऊ वेगळे पडले.

"मग सगळ्यात चांगला कुठला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दहा. ३क्ष² + २क्ष + ५ या बहुपदीत क्ष म्हणजे दहा धर. ती म्हणाली, "तीनशे पंचवीस." मग थांबून, "अगं, म्हणजे संख्या ही बहुपदीच की!" हे तिचं तिला दिसलं, मी सांगितलं नव्हतं. शतक, दशक, एकक म्हणजे दहाचा दुसरा, पहिला आणि शून्य घात. दर पायरीला दहानं भाग जातो, म्हणून शंभरनंतर दहा आणि दहानंतर एक. शून्य घाताचं उत्तर एक का, हा तिचा जुना प्रश्न तिथेच सुटला. आणखी एक पायरी उतरली की ऋण घातांक, म्हणजे दशांश स्थान.

(क्ष + ३)² चं उत्तर तिनं आधी क्ष² + ९ लिहिलं होतं. दहा घालून तेराचा वर्ग केला, १६९. क्ष² + ९ चे होतात १०९. ते मधले साठ म्हणजे ६क्ष, विस्तारात राहून गेलेले. १, ६, ९ हे सहगुणक तिला उत्तरातच लिहिलेले दिसले.

तासाभरानं पुन्हा फोन. "(क्ष + ७)² चं जमत नाहीये. सतराचा वर्ग २८९, आणि सूत्रानं क्ष² + १४क्ष + ४९ येतंय." मला खरंच आनंद झाला, कारण प्रश्न अस्सल होता. ४९ मधले चार हातचे गेले, १४ चे अठरा झाले, त्यातला एक पुन्हा हातचा. बहुपदीत हातचा नसतो. क्ष दहाच असेल असं कुणी ठरवलेलं नाही, म्हणून दहा क्ष मिळून एक क्ष² होत नाही.

"मग शंभर धरू?" ती म्हणाली. पलीकडून पेनाचा आवाज येत राहिला. १०७ चा वर्ग. मी बोलले नाही.

"मावशी, ११४४९. एक, चौदा, एकोणपन्नास!"