हास्यपेटी, सातवा आठवडा: भरीत पार्टीतलं हसू

हास्यपेटी म्हणजे विनोदी कार्यक्रमाला आधीच ध्वनिमुद्रित केलेलं हसू लावायचं यंत्र, मी ते घरी बनवतोय. मागच्या वेळी पेटीचा सांगाडा दाखवला होता. जुना कीबोर्ड, प्रत्येक कळीवर एक हसू, आणि आवाज कमी-जास्त करायला आईच्या शिलाई मशीनचा पायटा. कल्पना अर्थात चार्ली डग्लसची. सीबीएस या अमेरिकन वाहिनीच्या या ध्वनितंत्रज्ञाने १९५३च्या सुमारास असंच यंत्र बनवलं. त्यात ३२ फितींवर ३२० हशे होते. कळीने बाई हसणार की बुवा ते ठरायचं, हसू किती लांबवायचं ते पायाने. पेटीला कायम कुलूप!

इंटरनेटवरचं फुकटचं हसू मी अमळनेरच्या मित्राच्या अहिराणी प्रहसनाला लावून पाहिलं. तो म्हणाला, "भो, या आपला मानसं नई शेतस." म्हणजे ही आपली माणसं नाहीत. खरंच होतं. वाक्य संपलं की ठोकळा आदळल्यासारखं हसू, प्रत्येक वेळी तेवढंच.

मग जळगावजवळच्या असोद्याकडे एका मळ्यात भरीत पार्टी होती, तिथे रेकॉर्डर लिंबाच्या फांदीला टांगला. घरी येऊन ऐकतो तर काय, काड्यांची तडतड, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, वांगी ठेचायचा दणदण, आणि प्रत्येक हसण्याखाली कोणाचं तरी बोलणं. दीड तासात एक हसू स्वच्छ निघेना.

तेव्हा आठवलं, डग्लसने बरंचसं हसू रेड स्केल्टन या अमेरिकन विनोदी नटाच्या कार्यक्रमातल्या मूकाभिनयावरून घेतलं असं सांगतात. नट गप्प, म्हणून फितीवर नुसतं हसू. पुढच्या रविवारी मित्राला उभं केलं: एसटीत शेळी चढवायची, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. जेवणं आटोपलेली, चूल विझलेली. अकरा हशे मिळाले.

यातला चौथा माझा लाडका. मित्राने काही करायच्या आधीच मंडळी फुटली, कारण हा आता काय करणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ओळखीतलं हसू असं आधी येतं. ही कळ मी लाल रंगवली आहे.

हे हशे प्रहसनाला जोडताना दोन घोळ झाले. प्रेक्षकांपुढे चित्रण असलं की नट हसू ओसरेपर्यंत थांबतो. मित्राने मोकळ्या खोलीत धडाधड संवाद म्हटलेत, त्यामुळे हशात पुढचं वाक्य बुडतं. दुसरा घोळ माझा. प्रहसनातला बाप कापूस पडत्या भावाने विकून घरी येतो, तिथे सवयीने पाय पायट्यावर गेला आणि आई माझ्याकडे बघतच राहिली. 'मॅश' या अमेरिकन मालिकेत ऑपरेशनच्या दृश्यांना हसू लावत नसत, बीबीसीने तर बहुतेक मालिकाच हशाविना दाखवली. कापसाचं दृश्य आता कोरडं ठेवलंय.

मित्राला दर विनोदानंतर मनात दोन मोजून मग बोल म्हणून सांगितलंय. म्हणतो, तीन मोजतो.