जिम ग्रिफिथ्स आणि खाणीतल्या जखमांचा हिशेब

28 जानेवारी 1908 रोजी दक्षिण वेल्समधील अमानफर्डजवळच्या पँटिफिनन खाणीत ज्वालाग्राही वायूचा स्फोट झाला. त्यात ग्विलिम ग्रिफिथ्स या तरुण खाणकामगाराचा बळी गेला आणि त्याचा भाऊ डेव्हिड गंभीर जखमी झाला. हा डेव्हिड पुढे ‘अमान्वी’ (Amanwy) या नावाने वेल्श भाषेतला कवी म्हणून ओळखला गेला. त्यांचा धाकटा भाऊ जिम तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि तोही खाणीतच काम करत होता. अडतीस वर्षांनंतर, कामावर जखमी होणाऱ्या ब्रिटनमधील प्रत्येक कामगाराला विम्याचा हक्क देणारा कायदा याच जिमने मंत्री म्हणून संसदेत मंजूर करून घेतला. गेले काही महिने मी या माणसाबद्दल वाचतो आहे, आणि या दोन घटनांमधले अंतर त्याने कसे कापले, हा प्रश्न काही केल्या मनातून जात नाही.

जेम्स ग्रिफिथ्स यांचा जन्म 1890 सालचा, अमानफर्डशेजारच्या बेटूस गावातला. वडील लोहार होते. घरची भाषा वेल्श होती आणि घरातले वातावरण प्रार्थनामंदिराचे व राजकीय चर्चांचे होते. तेराव्या वर्षी ते खाणीत उतरले. भावाच्या मृत्यूच्याच वर्षी अमानफर्डमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची शाखा उभी राहिली आणि तिच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. पहिल्या महायुद्धाला त्यांनी उघड विरोध केला. त्यानंतर 1919 ते 1921 ही दोन वर्षे खाणकामगार संघटनेच्या मदतीने ते लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकले. त्याच काळात तिथे ट्रेडेगारहून आलेला आणखी एक तरुण खाणकामगार शिकत होता, तो म्हणजे अन्यूरिन बेव्हन. बेव्हन यांचे नाव राष्ट्रीय आरोग्य सेवेमुळे जगभर पोचले. माझ्याही वाचनाची सुरुवात त्यांच्यापासूनच झाली होती आणि ग्रिफिथ्स मला त्यांच्या चरित्राच्या कडेकडेने भेटत गेले.

1925 साली ग्रिफिथ्स अँथ्रासाइट कोळशाच्या पट्ट्यात खाणकामगारांचे पूर्णवेळ प्रतिनिधी झाले. त्याच उन्हाळ्यात त्या पट्ट्यात मोठा संप पेटला होता. ‘शेवटी आलेल्याला आधी काढायचे’ हा ज्येष्ठतेचा रूढ नियम मालकांनी मोडू नये, ही संपकऱ्यांची मागणी होती, आणि त्या संघर्षापायी कित्येक कामगारांना तुरुंगात जावे लागले. पण संघटनेच्या प्रतिनिधीचे रोजचे काम संपाचे नसते. कोणाचा पाय छताच्या दगडाखाली चिरडलेला असे, कोणाला दहा पावले चालले तरी धाप लागत असे, कोणाची विधवा दारात उभी असे. त्या प्रत्येकासाठी मालकाशी भरपाईचा वाद घालणे, हे ते काम होते.

हा वाद कसा चाले, हे समजल्याशिवाय ग्रिफिथ्स यांच्या पुढच्या कामाचे मोल कळणार नाही. 1897 च्या कायद्याने कामावरच्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्या काळाच्या मानाने ते मोठेच पाऊल होते. परंतु पैसा मालकाच्या किंवा त्याच्या विमा कंपनीच्या खिशातून जात असल्यामुळे प्रत्येक जखम ही दोन पक्षांमधली तक्रार बनली. कंपनीचा डॉक्टर म्हणे की हा माणूस हलके काम करू शकतो. प्रत्यक्षात असे हलके काम कुठेच उपलब्ध नसे, तरी भरपाई मात्र कापली जाई. प्रकरण न्यायालयात जाई, महिने लोटत, आणि उधारीला कंटाळलेले कुटुंब अखेरीस एकरकमी तडजोडीवर सही करून मोकळे होई. फुप्फुसात साचणाऱ्या धुळीचे तर आणखी कठीण होते, कारण तिथे अपघाताची तारीखच सांगता येत नसे, आणि अँथ्रासाइटच्या पट्ट्यात या आजाराचे प्रमाण फार मोठे होते.

1934 मध्ये ग्रिफिथ्स दक्षिण वेल्स खाणकामगार महासंघाचे अध्यक्ष झाले. मालकधार्जिण्या संघटनेविरुद्धची लढाई तेव्हा ऐन भरात होती. 1935 च्या ऑक्टोबरात नाइन माइल पॉइंट खाणीतले कामगार वर यायला नकार देऊन आठवडाभर जमिनीखालीच बसून राहिले होते. 1936 च्या पोटनिवडणुकीत ग्रिफिथ्स मजूर पक्षातर्फे लनेथ्लीचे खासदार झाले आणि 1970 पर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. फेब्रुवारी 1943 मध्ये, युद्धकालीन संयुक्त सरकार सर्वांसाठी सामाजिक विम्याची शिफारस करणाऱ्या बेव्हरिज अहवालाबाबत हात आखडता घेत आहे असे दिसताच, त्यांनी सभागृहात दुरुस्ती मांडून सरकारविरुद्ध मतदान घडवून आणले. स्वतःच्या पक्षाचे नेते मंत्रिमंडळात बसलेले असताना हे करणे सोपे नव्हते. ती दुरुस्ती फेटाळली गेली, पण तिच्या बाजूने सुमारे 120 मते पडली.

1945 मध्ये पंतप्रधान अ‍ॅटली यांनी त्यांना राष्ट्रीय विमा मंत्री केले. 1946 च्या औद्योगिक दुखापत कायद्याने जुनी पद्धत मुळापासून बदलली. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या साप्ताहिक वर्गणीतून एक निधी उभा राहिला. वादाचा निवाडा न्यायालयाऐवजी न्यायाधिकरणाकडे गेला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मजुरी किती बुडाली हे न पाहता शरीराची किती हानी झाली हे टक्क्यांत मोजून पेन्शन ठरू लागले. 5 जुलै 1948 पासून, म्हणजे आरोग्य सेवा सुरू झाली त्याच दिवसापासून, ही योजना अमलात आली.

पूर्ण अपंगत्वाला आठवड्याला 45 शिलिंग मिळू लागले, तर सर्वसाधारण आजारात एकट्या माणसाला 26 शिलिंग. हा भेद मला बरेच दिवस पटत नव्हता. घराच्या जिन्यावरून पडून मोडलेला पाय आणि खाणीत मोडलेला पाय दुखण्यात वेगळा नसतो. पण कोळसा साऱ्या देशाला हवा होता आणि तो काढण्याचा धोका मात्र काही मोजक्या माणसांनी पत्करला होता, तेव्हा देश त्यांचे अधिक देणे लागतो, हा युक्तिवाद मला आता योग्य वाटतो.

त्यांच्या कारकिर्दीतले सारेच मला मान्य आहे असे नाही. 1950 मध्ये ते वसाहत मंत्री झाले, आणि मलायातील बंडाविरुद्धची मोहीम, तसेच लाखो ग्रामीण लोकांना उचलून कुंपणाआडच्या वस्त्यांत हलवण्याची योजना, त्यांच्या कार्यकाळात पुढे सरकली. अमानफर्डच्या संपकऱ्यांची बाजू जाणणाऱ्या माणसाकडून मी वेगळी अपेक्षा केली असती.

1956 मध्ये त्यांनी बेव्हन यांचा पराभव करून मजूर पक्षाचे उपनेतेपद मिळवले. वेल्ससाठी मंत्रिमंडळात स्वतंत्र मंत्री असावा, ही मागणी ते सतत लावून धरत असत. बेव्हन यांना तिच्यात फारसे तथ्य वाटत नसे. ऑक्टोबर 1964 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, ग्रिफिथ्स स्वतःच वेल्सचे पहिले मंत्री झाले. 1966 च्या एप्रिलपर्यंत ते त्या पदावर होते आणि त्याच सुमारास दक्षिण वेल्समधील खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. छातीत धूळ घेऊन त्या खाणींतून बाहेर पडलेल्या माणसांचे साप्ताहिक पेन्शन मात्र खाणीबरोबर बंद पडले नाही, कारण 1948 पासून ते खाणीच्या मालकाने द्यायचे राहिलेच नव्हते.