आई-बाबांचे श्टुटगार्टमधले नव्वद दिवस

मुंबईहून विमानाने जर्मनीतलं फ्रँकफर्ट, तिथून रेल्वेने श्टुटगार्ट, उन्हाळाभर मुक्काम आणि त्याच वाटेने परत. पुणे-चाकणहून इथल्या मोटार कंपन्यांत आलेल्या मंडळींच्या आई-बाबांची ही ठरलेली फेरी. फिरायचे बेत सगळे आधी करतात आणि कागद शेवटी. आमच्या मते उलट करावं.

पहिली गोष्ट, तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. १ जून ते ३१ ऑगस्ट हे ९२ दिवस होतात. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि त्यात उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही धरतात. १ जूनला उतरलेल्यांचा शेवटचा दिवस २९ ऑगस्ट. परतीचं तिकीट त्याच्या तीन-चार दिवस आधीचं काढा, कारण विमान रद्द झालं तर हीच गाठीची शिल्लक उपयोगी पडते. व्हिसाच्या स्टिकरवर 'पासून-पर्यंत' तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात. तारखांची मुदत बहुधा दिवसांपेक्षा मोठी असते. ती वाचून तिकीट पुढे ढकललं की घोटाळा होतो. मध्ये लंडनला जाऊन परत यायचं असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो, आणि ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो तो निराळाच.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. फी माणशी ९० युरो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. खर्च मुलगा किंवा मुलगी उचलणार असेल तर इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढायचं. जर्मन नाव लांबलचक आहे, फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग. फी २९ युरो. शेवटच्या तीन-सहा महिन्यांच्या पगारपावत्या, घराचा भाडेकरार, पासपोर्ट आणि निवास परवाना लागतो. नेमकी यादी शहरागणिक बदलते. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात, म्हणून सुरुवात इथून करा. हातात आल्यावर खिडकीशीच दोन गोष्टी तपासा: पासपोर्टवरच्या नावांचं स्पेलिंग आणि आर्थिक क्षमता सिद्ध झाल्याची नोंद. मूळ प्रत भारतात पाठवायची, फोटो चालत नाही. आणि ही निव्वळ औपचारिकता समजू नका. पाहुण्यांचा विम्यात न बसणारा दवाखान्याचा खर्चही सही करणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो.

म्हणून विमा स्वस्तातला घेऊ नका. व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. मोठ्या शस्त्रक्रियेपुढे ही रक्कम तोकडी आहे. पॉलिसीत शोधायचं ते 'आधीपासूनचे आजार' हे कलम. रक्तदाब, मधुमेह, अँजिओप्लास्टी यांच्याशी जोडलेला खर्च बऱ्याच पॉलिसी नाकारतात किंवा फक्त जीव वाचवण्यापुरता देतात. भारतातली आणि जर्मनीत मिळणारी पाहुण्यांची पॉलिसी शेजारी ठेवून हे कलम आणि वयाची अट वाचा. हप्ता नंतर.

सामानात सगळ्यात जास्त गैरसमज तुपाबद्दल आहेत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खवा, चक्का, सगळं त्यात आलं. गंमत अशी, की सुके बोंबील आणि सुकट चालते. माशांना माणशी २० किलोंपर्यंत सूट आहे. कोकणातल्या घरांनी खूश व्हावं, फक्त एकात एक तीन पिशव्यांत बांधावं. ताज्या फळ-भाजीला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटका. म्हणजे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही नाही. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, चिवडा बिनधास्त आणा. तूप इथे लोण्यापासून घरीच अर्ध्या तासात कढवता येतं.

औषधं मात्र पूर्ण मुक्कामाची आणायचीच. कारण भारतातून पोस्टाने मागवता येत नाहीत आणि रक्तदाबाची गोळीसुद्धा इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दिवसाला दोन गोळ्या असतील तर नव्वद दिवसांना दहाच्या १८ पट्ट्या, वर दोन जास्त. गोळ्या पट्टीतच ठेवा, डब्यात सुट्या नकोत. भारतातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. एका महिन्याचा साठा आणि सगळं इन्शुलिन हातातल्या बॅगेत.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी. गुडघे ठीक असले तरी मागा: फ्रँकफर्टला अंतरं लांब आहेत, आणि नव्या प्रवेश-निर्गमन नोंदणीत पहिल्या खेपेला सीमेवर फोटो घेतात आणि बोटांचे ठसे पडताळतात, त्यामुळे रांग रेंगाळते. व्हीलचेअरसोबतचा माणूस भाषेचीही अडचण सोडवतो. हातात एक कागद द्या: पत्ता, फोन, परतीची तारीख, 'मुलाकडे राहणार' एवढं इंग्रजीत.

रेल्वेस्टेशन विमानतळालाच जोडलेलं आहे आणि आयसीई ही जलद गाडी सव्वा-दीड तासात श्टुटगार्टला पोचते. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, म्हणून विमान उतरल्यावर तीन तासांनंतरची गाडी धरा. श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकाचं बांधकाम वर्षानुवर्षं चालू आहे आणि फलाटापासून बाहेरपर्यंत बरंच चालावं लागतं. घ्यायला जाणाऱ्याने थेट फलाटावर, डब्याच्या दाराशी उभं राहावं.

घरात पहिल्या दिवशी शिकवायचं ते दार. इथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. कचरा टाकायला आई दोन मिनिटं बाहेर गेली आणि दार ओढलं गेलं की संपलं. चावी आत, कुलूपवाल्याचा रविवारचा दर जबर. चावी गळ्यात अडकवायची दोरी द्या आणि दुसरी चावी शेजाऱ्याकडे ठेवा. मग खिडकी: मूठ खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे वरून कललेली. उघड्या खिडकीची मूठ वर फिरवली तर ती एका बिजागरीवर लोंबते आणि माणूस हबकतो. पडत नाही, दाबून धरून मूठ आडवी करायची. तिसरी शेगडी. काचेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, त्यामुळे फोडणी करपते आणि दूध उतू जातं; पातेलं उचलून बाजूला ठेवायची सवय लावा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणारच नाही.

श्टुटगार्टच्या या श्वाबन भागात केअरवोखे असते. दाराला पाटी अडकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. हे काम बाबांकडे द्या. शेजाऱ्यांशी पहिली ओळख बहुतेक याच झाडूवर होते. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर नको. रविवारी दुकानंही बंद.

आजारपणात ११२ जिवावर बेतल्यास. दवाखाने बंद असताना ११६११७. डॉक्टरचं बिल नंतर पोस्टाने येतं, ते भरून विम्याकडून परतावा घ्यायचा. प्रत्येक कागद जपा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

फिरण्यासाठी डॉइचलांडटिकेट हा देशभराचा मासिक पास घ्या, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, पण स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस यांत चालतं. ते आपोआप पुढे चालू राहतं; शेवटच्या महिन्यात १० तारखेच्या आत रद्द करा. श्टुटगार्ट टेकड्यांचं आणि पायऱ्यांचं शहर आहे. गुडघ्यांना सोयीचं ठिकाण म्हणजे मर्सिडीज संग्रहालय: लिफ्टने वर जायचं आणि उताराने फिरत खाली यायचं. सोमवारी बंद. विल्हेल्मा प्राणिबागेतही सावली आणि बाकं भरपूर. स्वित्झर्लंडला हाच व्हिसा चालतो, फक्त सीमा ओलांडताना जर्मन सिमचा डेटा बंद करा, तिथलं रोमिंग युरोपीय संघात मोडत नाही. दहा शहरांची युरोप टूर मात्र सत्तरीतल्या जोडप्यावर लादू नये. एक मार्ग, एक बाग, एक दुकान त्यांना एकट्याने जमलं की मुलं ऑफिसात असतानाचा दिवस लांब वाटत नाही.

परतीची खरेदी आई-बाबांच्या नावावर करा. ते युरोपीय संघाबाहेर राहतात, त्यामुळे एका बिलावर ५० युरोंहून जास्त खरेदीवरचा कर परत मिळू शकतो. इथे राहणाऱ्या मुलांना मिळत नाही. गाइसलिंगनला डब्ल्यूएमएफ या भांडी बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे. तिथला कुकर घेतलात तर दुकानातच पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा फॉर्म मागा. वस्तू न वापरलेली हवी. फ्रँकफर्टला बॅग चेक-इनला देण्याआधी ती कस्टम्सच्या खिडकीवर दाखवून शिक्का घ्यायचा, त्यासाठी एक तास जास्त ठेवा.