वाइपाहूची चिमणी

नवऱ्याची परिषद हवाईतल्या होनोलुलूत, म्हणून मी तिथल्या वायकिकी किनाऱ्यावर. तीन दिवसांत समुद्र बघून झाला. (पाप लागेल, पण चौथ्या दिवशी तो निळा रंग डोळ्यांवर यायला लागतो.) हॉटेलची खोली आवरायला येणाऱ्या बाईंशी तोवर गट्टी जमली होती. त्या फिलिपिन्सच्या, लुझॉन बेटाच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातल्या. आमचं गाव साखर कारखान्याचं, असं मी सांगितलं तेव्हा चादर झटकता झटकता त्या थांबल्या. "मग वाइपाहूला जा. आमचे चुलत आजोबा तिथेच ऊस तोडायचे."

दुसऱ्या दिवशी बस पकडली. उंच इमारती मागे पडल्या, बसमध्ये इलोकानो बोली ऐकू यायला लागली आणि एका वळणावर ती दिसली. चिमणी! आमच्या प्रवरेच्या पट्ट्यात चिमणीतून धूर निघाला की हंगाम लागला असं समजायचं. ही मात्र 1995 साली कारखाना बंद पडल्यापासून थंड आहे. पायथ्याशी आता वायएमसीएचं केंद्र. मळीचा वास नाही, बैलगाड्यांची रांग नाही. मला उगाचच चुकल्यासारखं झालं.

जवळच मळ्यावरच्या जुन्या वस्तीचं संग्रहालय आहे. चिनी, जपानी, पोर्तुगीज, पोर्तो रिकन, कोरियन अशी ज्याची त्याची घरं. फिलिपिनोंच्या वाट्याला मात्र बराक, म्हणजे एकट्या पुरुषांनी ओळीने झोपायची जागा. ते आले सगळ्यात शेवटी. 20 डिसेंबर 1906 ला 'डोरिक' जहाजातून पहिले 15 जण उतरले. चिनी मजूर आणायला कायद्याने बंदी होती, जपानी मजूर संप करायला शिकले होते आणि पुढे त्यांचं येणंही थांबवलं गेलं. फिलिपिन्स 1898 पासून अमेरिकेच्याच ताब्यात, त्यामुळे तिथून माणसं उचलायला अडकाठी नव्हती. मळेवाल्यांच्या संघाचे दलाल इलोकोसच्या आणि फिलिपिन्सच्या मधल्या विसाया बेटांवरच्या गावांत फिरायला लागले.

या मजुरांना 'साकादा' म्हणतात. फिलिपिन्समध्येही हंगामापुरत्या ऊसतोडीला जाणाऱ्याला हाच शब्द. मला अर्थ विचारावाच लागला नाही. दलाल म्हणजे मुकादम, करार म्हणजे उचल, घोड्यावरून नजर ठेवणारा 'लूना' म्हणजे... असो, त्याला आपल्याकडे बरेच शब्द आहेत. फरक एवढाच की पट्टा पडला की आपल्या टोळ्या बीडला, पाथर्डीला परततात. यांच्या आणि गावाच्या मध्ये पॅसिफिक होता. तीन वर्षांचा करार करून आलेली कित्येक माणसं बायको-पोरांशिवाय त्या बराकीतच म्हातारी झाली.

काचेच्या कपाटात पत्र्याचा एक बिल्ला होता. त्याला 'बांगो' म्हणायचे, जपानी शब्द, अर्थ क्रमांक. पगार घेताना, दुकानात उधारी मांडताना नाव नाही, हा नंबर सांगायचा. शेजारीच 'काउकाउ टिन', दोन मजली गोल डबा. खाली भात, वर कालवण. सगळ्या जातीची माणसं बांधावर बसून एकमेकांच्या वरच्या मजल्यात हात घालायची म्हणे. कडी थेट आमच्या दादांच्या डब्यासारखी. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले, तर मार्गदर्शक आजोबांना वाटलं मला इंग्रजी समजत नाही. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं.

रक्तही सांडलंय. 9 सप्टेंबर 1924 ला काउआई बेटावरच्या हानापेपेत पोलीस आणि संपकरी भिडले. 16 फिलिपिनो मजूर आणि 4 पोलीस मेले. पण आजोबांची आवडती गोष्ट वेगळी. 1946 मध्ये मळेवाल्यांनी शेवटचे जवळपास 6000 मजूर आणले. संप झालाच तर कामाला माणसं हवीत, हा हिशोब. पण जहाजावरच मजूर संघटनेच्या लोकांनी त्यांना सभासद करून घेतलं. किनाऱ्याला लागले ते संपवाले म्हणूनच! त्या वर्षीचा संप 79 दिवस चालला आणि मजुरांनी जिंकला. सांगताना आजोबा असे हसत होते की जणू जहाजाच्या शिडीवर तेच उभे होते.

1965 मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला, नातेवाइकांना बोलावता यायला लागलं, आणि घरंच्या घरं आली. आज हवाईत चारातल्या जवळपास एका माणसाचं मूळ फिलिपिन्समध्ये. बेन कायेतानो 1994 ला इथे गव्हर्नर म्हणून निवडून आले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात त्या पदावर बसलेले ते पहिले फिलिपिनो वंशाचे. ऊस मात्र गेला. माउई बेटावरचा शेवटचा कारखाना 2016 मध्ये थांबला. नातवंडं आता इस्पितळांत, विमानतळावर, शाळांत. आणि वायकिकीच्या खोल्यांत चादरी बदलताना, हे पर्यटकांना दिसतं तेवढं लक्षात राहत नाही.

परतीच्या बसआधी एका भाजीच्या दुकानात शिरले आणि हरखलेच. कारली, लांबट वांगी, भेंडी, दुधी, आणि टोपलीभर शेवग्याचा पाला! गल्ल्यावरच्या बाईंना मी 'मनांग' म्हटलं. इलोकानोत ताईला मनांग म्हणतात, हे हॉटेलातल्या बाईंनी शिकवलेलं. त्या खूश झाल्या. त्यांच्यामागे चिकटपट्ट्यांनी आवळलेला पुरुषभर उंचीचा खोक्यांचा ढीग होता. कॉफी, साबण, डबाबंद मांस, चपला; वर्षभर साठवून गावी पाठवायचं सामान.

"मारुंगाय तुमच्याकडे?" त्यांनी पाल्याकडे बोट दाखवलं. "कसा करता?"

कांदा, लसूण, मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरून खोबरं, असं मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आणि मासळी? आंबवलेली? बागोओंग?"

"नाही, आमच्या घरी नाही घालत."

त्यांनी माझ्याकडे अशा काही कळवळ्याने पाहिलं, की मी पैसे देऊनही त्यांनी एक मूठ पाला पिशवीत वर घातला.