लेह, सबलोड, दिवस तिसरा

रविवार, रात्रीचे साडेनऊ

परतीच्या विमानासाठी सलग तिसऱ्या पहाटे साडेतीनला उठून बॅगा भरल्या. हात इतका बसलाय की अंधारातही चार्जर बरोबर त्याच्या कप्प्यात जातो. गेस्टहाउसच्या मावशी पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. गळ्यात पांढरी खतक, म्हणजे निरोपाचा स्कार्फ, घातली, वाटेत खायला जर्दाळू दिले. अकरा वाजता आम्ही परत दारात! काल नुसतं 'जुले', म्हणजे नमस्कार, म्हणाल्या. आज म्हणाल्या, किल्ली कुंडीखाली ठेवते, लागली तर घ्या.

लागली.

'नवरा विमान कंपनीत, मग काय बाई, तुमचं फुकटात फिरणं!' हे मी डोंबिवलीत वाण्यापासून जावेपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. फुकट काही नसतं. आमचं स्टाफचं तिकीट आयडी नव्वद, म्हणजे नव्वद टक्के सूट, उरलेलं भाडं आणि विमानतळाचे कर आपणच भरायचे. वर त्या तिकिटावर सीट नसते, जागा उरली तरच जायचं, म्हणजेच सबलोड. पूर्ण पैसे भरलेले सगळे बसले की मगच आपला नंबर, आणि त्यातही नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे. नवऱ्याची चौदा वर्षं झाली, पण पुढे वीस-वीस वर्षंवाले उभे असतातच. लोक प्रवासाला निघताना हवामान बघतात, आमच्या घरात 'लोड काय आहे?', म्हणजे किती सीट मोकळ्या, असं विचारतात.

शुक्रवारचं लोड सुरेख होतं. आदल्या रात्री ड्युटीवरच्या मित्राने सांगितलं, सव्वीस मोकळ्या. चौघं आरामात जाल. सकाळी काउंटरवर उत्तर आलं, शून्य. सीट कोणी घेतल्या नव्हत्या, त्या रिकाम्याच जाणार होत्या!

लेक ऐकायलाच तयार नाही. रिकाम्या आहेत तर बसू का देत नाहीत? मग बापाने विमानतळाच्या फरशीवर बसून, बिस्किटाचा पुडा धावपट्टी मानून तिला समजावलं. धावपट्टी जवळजवळ ३,२५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ. ऊन चढलं की आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर उतरतो. त्यातून एक इंजिन बंद पडलं, तरी दुसऱ्यावर समोरचे डोंगर पार व्हायला हवेत. म्हणून वजन कमी ठेवायचं, म्हणजे माणसं कमी. दुपारी वारं उठतं, त्यामुळे विमानं बहुतेक सकाळीच येऊन-जाऊन घेतात. २०२४ च्या जुलैअखेर तर इथल्या उकाड्यामुळे विमानं चक्क रद्द झाली होती. लडाखात उकाडा! मी थर्मल घेऊन आले होते.

आणि विमान रद्द झालं, की त्यातले पूर्ण भाड्याचे प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या जागांवर येतात. कालचं तसंच गेलं.

मला वाट बघण्याचं एवढं वाटत नाही, लोकलच्या गर्दीत आयुष्य गेलंय. नवऱ्याकडे बघवत नाही. रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडणारा हा माणूस काउंटरपासून चार हात लांब, खांबापाशी, इस्त्रीचा शर्ट घालून उभा असतो. स्टाफच्या तिकिटावर अर्धी चड्डी, चपला चालत नाहीत. पुढे जाऊन विचारायचं नाही, तक्रार तर नाहीच. काउंटरवरची मुलगी त्याच्या अर्ध्या वयाची, तिने नुसतं वर पाहिलं तरी हा खिशातलं ओळखपत्र चाचपतो. काल मी पुटपुटले, 'अरे, विचार तरी.' तर म्हणे, 'तिला दिसतोय मी.'

काल रात्री भांडण झालंच. आजची पक्की तिकिटं चौघांची मिळून ऐंशी हजारांच्या वर. रस्त्याने जायचं तर कारगिलवरून श्रीनगर नाहीतर मनाली, दोन दिवस, आणि सासूबाईंचे गुडघे. आमच्या प्रीपेड सिमला इथे रेंज नाही, याच्या एकट्याच्या पोस्टपेडवर सगळं घर चाललंय. मी म्हटलं, आईंची आणि लेकीची तरी पक्की काढ. आई पांघरुणातून म्हणाल्या, 'माझ्यासाठी एक पैसा घालवू नका. मला काय ऑफिसला जायचंय?'

आज काउंटर बंद व्हायला काही मिनिटं असताना त्या मुलीने वर पाहिलं आणि दोन बोटं दाखवली.

दोन. माणसं चार. विचार करायला जेमतेम मिनिट. लेकीची उद्या चाचणी परीक्षा आहे, आणि रोज साडेतीनला उठून आईंचे पाय सुजलेत. बोर्डिंग पास हातात आले तेव्हा आई एकदम म्हणाल्या, 'अगं, मी कधी एकटी गेलेय का?' नात म्हणाली, 'आजी, मी आहे ना.' वय वर्षं अकरा. दिल्ली-मुंबईची दोघींची पक्की तिकिटं तिथेच उभ्या उभ्या काढली, साडेतेरा हजार. तिथेही सबलोडवर ठेवायची हिंमत नव्हती माझी. सुरक्षातपासणीच्या रांगेतून आई मागे वळल्या. मला वाटलं, डोळे भरले असतील. तर म्हणाल्या, 'लाडवांचा डबा तुझ्या पिशवीत राहिलाय, मुंग्या लागतील.'

आम्ही बाहेर रस्त्याच्या कडेला थांबलो. विमान गेलं, आवाज बराच वेळ डोंगरात राहिला. मग चालतच चांगस्पाला आलो, कुंडी उचलली.

आठ वाजता घरून फोन आला. दोघी पोचल्या, शेजारच्या काकूंनी पिठलं-भात दिला. लेक म्हणाली, 'आई, आमच्या मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या होत्या गं. बाबाला माहितेय ना?'

'माहितेय,' मी म्हटलं.

तो शेजारी बसून मित्राशी मेसेजवर बोलतोय. उद्या एकोणीस मोकळ्या, सकाळी तापमान कमी राहील म्हणतात. गजर साडेतीनचाच ठेवलाय.