ज्या लोगोला ठरलेला रंग नव्हता

लोगोचं काम घेऊन येणारी मंडळी चहा यायच्या आत रंगावर येतात. "वडिलांपासून निळा चालत आलाय," "हिरवा नको, समोरच्या दुकानाचा आहे." अशा वेळी मी त्यांना एमटीव्हीचा जुना लोगो दाखवतो. एक विटांचा, एक ठिपक्यांचा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, एक केसाळ. यातला खरा कुठला, असं बहुतेक जण विचारतात. सगळेच खरे. गेली कित्येक वर्षं मी हे काम करतोय, पण त्या जाडजूड एमइतकं धाडस दुसऱ्या कुठल्या व्यावसायिक चिन्हात मला दिसलेलं नाही. त्याच्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचं होतं.

अप्लाइड आर्टला आम्ही शिकलो ते नेमकं उलटं होतं. चिन्ह ग्राफ पेपरवर मोजून काढायचं, रोट्रिंगच्या पेनाने कडा साफ करायच्या, रंग एकदा ठरला की ठरला. वर्गात दाखवली जायची ती उदाहरणंही तशीच, आणि उत्तमच: विल्यम गोल्डनने सीबीएससाठी १९५१ मध्ये केलेला डोळा, पॉल रँडने १९६२ मध्ये एबीसीला दिलेलं वर्तुळ. अमेरिकेतल्या टीव्ही कंपन्या आपलं चिन्ह देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं जपत होत्या. त्यात १९८१ मध्ये वॉर्नर-अमेक्स या कंपनीने चोवीस तास गाणी दाखवणारं केबल चॅनल काढायचं ठरवलं, तेच एमटीव्ही. त्याच्या सजावटीची जबाबदारी फ्रेड साइबर्ट या तरुणाकडे होती. त्याने लोगोचं काम एखाद्या नावाजलेल्या स्टुडिओला न देता आपल्या बालमित्राला दिलं.

हा मित्र फ्रँक ओलिन्स्की. पॅट गॉर्मन आणि पॅटी रोगॉफ यांच्यासोबत तो 'मॅनहॅटन डिझाइन' नावाचा छोटा स्टुडिओ चालवायचा. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, एका ताई-ची वर्गाच्या मागच्या खोलीत. रोगॉफने मोठा, ठोकळ्यासारखा, बाजूची जाडी दिसणारा एम काढला. एम भक्कम होता, पण नुसता भक्कम. मग ओलिन्स्कीने जिन्यात जाऊन स्प्रेच्या डब्याने त्याच्यावर 'टीव्ही' ही अक्षरं फराटली, भिंतीवर पोरं लिहितात तशी. पुढे रंगाचे ओघळ साफ झाले, पण हाताचा तो झटका अक्षरांत राहिला.

अक्षरांचं काम करणाऱ्याला यातली गंमत लगेच कळते. एमचे खांदे सरळ, पाय जमिनीत रोवलेले. 'टीव्ही' मात्र त्याच्या उजव्या पायावर तिरकं, घाईत, बेशिस्त. एकाच चिन्हात कारखाना आणि गल्ली. खाली साध्या टाइपात 'म्युझिक टेलिव्हिजन'. कंपनीतल्या वरिष्ठांना हे आवडलं नव्हतं, दुसरे पर्यायही मागवले गेले. साइबर्ट हटला नाही, आणि त्याचे आभार मानावेत तितके थोडे.

पुढची पायरी माझ्या मते लोगोहूनही मोठी होती. कंपनीचे अधिकृत रंग कोणते, हा प्रश्न आलाच. उत्तर ठरलं: कोणतेच नाहीत. बाह्यरेषा पक्की ठेवायची, आत काहीही भरायचं. आज अशा लोगोला 'डायनॅमिक आयडेंटिटी' म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. तेव्हा त्याला नावही नव्हतं.

१ ऑगस्ट १९८१, मध्यरात्र उलटून एक मिनिट. चॅनल सुरू झालं ते अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आणि चांद्रमोहिमेच्या चित्रफितीने. नासाची दृश्यं वापरायला फुकट होती, म्हणून पैसेही वाचले. चंद्रावर झेंडा रोवलेला, झेंड्यावर एमटीव्हीचा लोगो आणि त्याचा पोत भराभरा बदलतोय. नील आर्मस्ट्राँगचं ते प्रसिद्ध वाक्य यावर वाजवायचा बेत होता. परवानगी मिळाली नाही, म्हणून तिथे बीपचे आवाज टाकले. माझ्या मते ते बरंच झालं, शब्द असते तर नजर झेंड्यावर राहिली नसती. मॅनहॅटनच्या केबलवर तेव्हा एमटीव्ही दिसतच नव्हतं, त्यामुळे कंपनीची माणसं नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावी एका रेस्टॉरंटमध्ये जमून आपलंच चॅनल बघत होती. हे चांद्रदृश्य पुढे तासातासाला लागायचं. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं आणि ते काढून टाकलं. झेंड्याशेजारचा चंद्रवीर मात्र उरला, कारण १९८४ पासून एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स या पुरस्कारांची बाहुली तीच आहे. तीही मॅनहॅटन डिझाइननेच केली.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. दोन गाण्यांच्या मध्ये हे लोक लोगोच्या चलचित्रांचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे लावायचे. मातीचे, कागद कापून केलेले, हाताने चितारलेले. कलोसल पिक्चर्स, ब्रॉडकास्ट आर्ट्स असे स्टुडिओ त्यावर वाढले. हेन्री सेलिक पुढे मोठा दिग्दर्शक झाला, त्यानेही यांच्यासाठी एमची हजामत करणारा तुकडा केला होता. काम देणाऱ्याची अट जवळपास एकच: शेवटी लोगो दिसला पाहिजे. अशी मोकळीक मला कुठल्या ग्राहकाने दिली तर मी निम्म्या पैशात काम करीन.

आपल्याकडे हा एम आला स्टार टीव्हीवरून, १९९१ मध्ये. आमच्या गल्लीत केबलवाल्याने गच्च्यांवरून काळी वायर ओढली आणि मी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायला लागलो. गाण्यांतलं इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण मधले तुकडे पूर्ण कळायचे. "अरे, जाहिराती काय बघत बसतोस?" काकू विचारायच्या. टीव्ही थांबवायची सोय नव्हती, म्हणून घरी आल्यावर आठवून आठवून वहीत एम काढायचो. तोंडाचा एम, झाडाचा एम, एसटीचा एम. त्यातला एसटीचा माझा स्वतःचा होता, आणि अजूनही मला तो आवडतो.

१९९४ मध्ये एमटीव्ही स्टारवरून गेलं आणि त्याच्या जागी चॅनल व्ही आलं. पुढे १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया सुरू झालं. सुरुवातीचा इंग्रजी तोरा सोडून ते हिंदी गाण्यांकडे वळलं, आणि एमच्या आत आपले रस्ते, आपले चेहरे, आपला चावटपणा शिरला. रेष अमेरिकेची आणि आतला ऐवज इथला, तरी जोड कुठे उसवलेली दिसत नव्हती. रंग ठरवून टाकले असते तर हे जमलं नसतं. तांबडा-पिवळा बघून कुणीतरी परदेशातून नियमावली पाठवली असती.

मग फेब्रुवारी २०१०. लोगोखालचं 'म्युझिक टेलिव्हिजन' काढलं आणि एम खालून छाटला. शब्द काढले याचं मला वाईट वाटलं नाही. १९९२ मध्येच या चॅनलने अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून त्यांचं रोजचं जगणं दाखवायला सुरुवात केली होती, आणि २०१० पर्यंत गाणी कोपऱ्यात गेली होती. जे दाखवत नाही ते पाटीवर ठेवू नये, हे सरळ आहे. पण पाय कापले त्याचा राग अजून आहे. एम ठेंगणा, रुंद झाला. आत कार्यक्रमांतले चेहरे नीट बसावेत, ही गरज मला समजते. जुन्या एममध्ये मात्र आत काहीही घाला, विटा घाला, गवत घाला, आधी एमच दिसायचा, कारण तो उभा होता. छाटलेला एम चौकट झाला, आणि चौकटीकडे कुणी बघत नाही, आतल्या फोटोकडे बघतात.

शनिवारी मी मुलांना लेटरिंग शिकवतो. त्यांचं मत वेगळं आहे. फोनवरच्या नखाएवढ्या चौकोनात ठेंगणा एम जास्त ठळक दिसतो, असं एका मुलीने दोन्ही छापून, शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्या आकाराला तिचं बरोबर आहे, हे मी मान्य केलं. मग तिला म्हटलं, आता दोन्हींच्या आत तुझ्या गावची जत्रा भर. तिचं काम चालू आहे. उंच एममध्ये पाळणा बसला. ठेंगण्यात पाळण्याचा फक्त खालचा अर्धा भाग मावतोय आणि ती अजून हट्टाने मार्ग शोधतेय.